पाकीट नंबर एकशे एकतीस

ऑर्व्हिल टिल्सन ही गोष्ट दिवसा सांगत नाही, आणि जो दप्तरखान्यात काम करत नाही त्याला रात्रीसुद्धा सांगत नाही. चाळीस वर्षं त्याने टेनब्रुक गावातल्या मेलेल्या माणसांना शेवटचे कपडे चढवले. धंदा पुतण्याच्या हाती दिल्यावर त्याने घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात तिथे दोन मुली उतरल्या होत्या, टेसा आणि मॅरिबेल. दोघी कॉलेजात शिकणाऱ्या, सुट्टीपुरत्या गावच्या दप्तरखान्यात कामाला लागलेल्या.

ऑगस्टमधला गुरुवार होता. जेवणं उरकली होती. पोर्चच्या जाळीवर किडे आपटत होते आणि टेबलावर मक्याची चघळलेली कणसं तशीच पडली होती. दिवसभर जुने फोटो हाताळून आलेल्या मॅरिबेलला बोलायला ताजा विषय होता. फोटोत लहान मूल मांडीवर आणि त्याच्यामागे पांघरुणाखाली झाकलेली आई, असे एकामागून एक पंचवीस फोटो तिने आज पाहिले होते. एका फोटोत तर सोफ्यालाच पोर झाल्यासारखं दिसतं, असं ती म्हणाली. टेसा हसली. ऑर्व्हिल हसला नाही. आज कितवा डबा झाला, एवढंच त्याने विचारलं.

दोन डबे संपले, तिसरा उद्या उघडायचा, असं टेसाने सांगितलं.

ऑर्व्हिलने हातातला ग्लास खाली ठेवला.

"मग आज ड्वाइटचं ऐकून घ्या," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलं ते शेवटी येईल. बाकीचं मला ड्वाइटनं सांगितलंय. आणि ड्वाइट लूमिस जन्मात एकदाच खोटं बोललाय. त्या एका खोट्याचीच ही गोष्ट आहे."

दप्तरखान्याचे मुख्य म्हणजे ड्वाइट लूमिस. तळमजल्यावर खिडकीशी बसतात, फार बोलत नाहीत, आणि जिना कधी चढत नाहीत. मुलींना वाटायचं, गुडघे दुखत असतील.

तो सोमवार होता. चार नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. आदल्या दिवशी हिवाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं तासभर मागे केलेली, त्यामुळे पाच वाजायच्या आतच अंधारून आलं होतं. सोमवारी दप्तरखाना बंद असतो. ड्वाइट घरी एकटाच होता, डब्यातलं टोमॅटोचं सूप गरम करत उभा होता, तेवढ्यात वृद्धाश्रमातून नर्सचा फोन आला. मिस कॉफिल जाग्या आहेत आणि डोकं अगदी ठिकाणावर आहे, ती म्हणाली. सारखं एकच विचारताहेत, ड्वाइटला सांगितलं होतं ते त्याने आणलं का. मग नर्सचा आवाज खाली आला. डॉक्टरांच्या मते त्यांना बुधवार दिसणार नाही.

मर्ना कॉफिल तेव्हा त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. लग्न केलं नाही, निम्म्या गावाला शिकवलं. ड्वाइट तिसरीत त्यांच्याच वर्गात होता. सप्टेंबरात त्या चाकाच्या खुर्चीतून दप्तरखान्यात आल्या होत्या, आणि त्यांचं मागणं अगदी छोटं होतं. त्यांची आजी आयडा इथल्याच टेनब्रुक होममध्ये वाढली, त्या निराधार मुलांच्या संस्थेत. अठराशे चौऱ्याहत्तर साली ती तिथे आली तेव्हा पाच महिन्यांची होती. होमची मेट्रन पोरींना सांगायची, तुम्हाला दुधाच्या कॅनसारखं पायरीवर ठेवून गेले. आयडाने ते मरेपर्यंत खरं मानलं. म्हातारपणी ती नातीला म्हणायची, मला कधी कुणी धरलंच नव्हतं. होममध्ये प्रत्येक मुलाचा पहिल्या दिवशी फोटो काढत, हे मिस कॉफिलना ठाऊक होतं. त्यांना तो फोटो हवा होता.

"मला एवढंच बघायचंय," त्या म्हणाल्या होत्या, "ती पायरीवर टाकलेली होती, की कुणाच्या हातातून घेतलेली."

ड्वाइटने त्यांना जे सांगितलं ते तो एकतीस वर्षं सगळ्यांनाच सांगत आला होता. फोटो आमच्याकडे आले तेव्हाच त्यांवर नावं नव्हती, नंबर नव्हते. कुठलं मूल कोणाचं, ते कळायला मार्ग नाही.

मिस कॉफिलनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं होतं. "परत बघ," म्हणाल्या होत्या, गणित चुकलं की म्हणायच्या तशा.

परत बघायची ड्वाइटला गरज नव्हती. फोटोंवर नंबर होते. ते त्यानेच घालवले होते.

अठ्ठ्याऐंशी सालचा उन्हाळा होता. होम कधीच बंद पडलं होतं, आणि त्याच इमारतीत दप्तरखाना आला होता. बावीस वर्षांचा ड्वाइट हंगामी कामाला लागला होता. एकेका मुलाची एकेक फाईल. फाईलमध्ये एक कागद आणि त्याला लागून लोखंडी पत्र्यावरचा फोटो, कागदी खोळीत घातलेला. खोळीवर पेन्सिलीने मुलाचा नंबर. पत्रा गंजतो आणि गंज कागद खातो, म्हणून या धंद्याचा नियम असा की फोटो काढून वेगळे ठेवायचे. नव्या स्वच्छ पाकिटात घालायचे, पाकिटावर जुना नंबर उतरवायचा आणि फाईलमध्ये चिठ्ठी ठेवायची, फोटो वर नेला आहे म्हणून. कागद तळमजल्यावर, फोटो वरच्या थंड खोलीत. ड्वाइटने चिठ्ठ्या नीट ठेवल्या. मग एका शुक्रवारी दुपारी तो खोळी काढायला बसला. जुना कागद शिळ्या बिस्किटासारखा हातात चुरत होता. एकेक करत बसण्यापेक्षा त्याने सगळ्या एकदमच सोलल्या, चुरा पिशवीत भरला, पत्रे पुसून रांगेत मांडले. नंबर जरा वेळाने टाकू म्हणाला. बाहेर मित्रांच्या गाडीचा हॉर्न वाजला. सगळे तळ्यावर पोहायला निघाले होते.

शनिवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली. सोमवारी त्याच्यासमोर दोनशे बारा स्वच्छ पत्रे होते, दोनशे बारा स्वच्छ पाकिटं होती, आणि एकावरही नंबर नव्हता.

तेव्हाच्या मुख्य बाईंना त्याने सांगितलं नाही. नोंदवहीत एक ओळ लिहिली. 'छायाचित्रे २१२. प्राप्त झाली तेव्हा ओळख नव्हती.' पुढे तो स्वतःच मुख्य झाला. एकतीस वर्षांत त्रेचाळीस जणांनी आपापल्या पणजीचे, खापरपणज्याचे फोटो मागितले. त्रेचाळीस जणांना त्याने तीच ओळ उतरवून पाठवली.

ड्वाइटने सूप गॅसवरून उतरवलं. ठरलं तसं काही नाही, पण कोट घालताना त्याच्या मनात स्पष्ट होतं. कुठलंही एक मूल न्यायचं. मिस कॉफिलची नजर आता कितीशी चालते. त्या समाधानाने डोळे मिटतील, कुणाचं काही बिघडणार नाही. चांगल्यासाठीच करतोय, असं तो गाडी चालवताना स्वतःला सांगत होता, आणि त्याला ते जवळजवळ पटलंही होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्याने दार उघडलं. आधी तळमजल्यावर गेला. खोटं वयाला तरी जुळायला हवं, म्हणून आयडाची, एकशे एकतीस नंबरची फाईल काढली. तिच्यात बावीस वर्षांच्या ड्वाइटच्या हातची चिठ्ठी होती. चिठ्ठी त्याने ठेवली होती, पण कागद तेव्हा वाचला नव्हता. नंतरही कधी वाचला नव्हता. आता वाचला.

नऊ मार्च, अठराशे चौऱ्याहत्तर. आयडा, वय पाच महिने. आई डेलिया रोर्क, लोकरीच्या गिरणीतली. मुलावरचा सर्व हक्क कायमचा सोडते. सहीच्या जागी शाईची फुली. आणि खाली मेट्रनच्या तिरक्या, नीटस अक्षरात:

'आईच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे पिंजणाच्या यंत्रात गेली. गिरणीने काढून टाकले. मूल धरू शकते, पोसू शकत नाही. छायाचित्रासाठी तिलाच धरावयास सांगितले. नंतर मूल काढून घेतले.'



उत्तर इथेच होतं. पायरीवर कुणी टाकलं नव्हतं. हा कागदच न्यावा, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण मिस कॉफिल काय म्हणतील हे त्याला ऐकू येत होतं. मग तो हात शोध की. आणि खरंच, दोन बोटं नसलेला हात शोधता आला असता. त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, आणि तो त्याला सोसवेना. एका कागदात खूण आहे, तर बाकीच्यांतही असेल. कुणाचा फाटलेला ओठ, कुणाची जुळी बहीण, कुणाच्या गळ्यातला ताईत. एकतीस वर्षं ते शोधता येत होतं. आणि त्याने लिहिलं होतं, मार्ग नाही.

त्याने कागद परत ठेवला, आणि जिना चढला.

वरची खोली लांबट आहे. मध्ये टेबल, चार खुर्च्या, भिंतीला कपाटं. दिवे माणसाच्या हालचालीवर लागतात. फोटोंना उजेड सोसत नाही, म्हणून त्या सोमवारच्या दोन वर्षं आधीच ते बसवले होते. खोलीत कुणी हललं नाही तर मिनिटभरात आपोआप विझतात. दाराजवळ खुंटीला काळं जाड कापड टांगलेलं असायचं. पत्र्यावरच्या फोटोची नक्कल काढताना चकाकी येऊ नये म्हणून ते आडवं धरायचे.

ड्वाइटने कोट एका खुर्चीवर टाकला, दुसरीवर बसला आणि डबे उघडले. लहान मूल हललं की त्या काळी फोटो बिघडायचा, काही सेकंद तरी अगदी स्थिर राहावं लागे. म्हणून मूल आईच्या मांडीवर द्यायचं आणि आईवर कापड टाकायचं. इतर ठिकाणी मूल नुसतं छान दिसावं म्हणून तसं करत. होममध्ये कारण वेगळं होतं. मूल दत्तक न्यायला येणाऱ्यांना आई दिसायला नको होती.

पहिला डबा. दुसरा डबा. काळे ढिगारे, आणि त्यांच्यापुढे टक्क डोळ्यांची पोरं. काही फोटोंत कापडाखालून हात बाहेर आलेला दिसे. असे फोटो तो भराभर बाजूला सारत होता. कुणी कागदाशी ताडून पाहिलं तर पाच बोटांचा हात त्याचं खोटं उघडं पाडणार होता. दुसऱ्या डब्यात त्याला हवं ते सापडलं. कुरळ्या जावळाची, गोबऱ्या गालांची मुलगी. मागे कापड होतं. हात कुठेच नव्हता.

पाकिटावर त्याने पेन्सिलीने लिहिलं, १३१. अक्षर सुबक आलं. पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं, डबे बंद केले, कपाटात सारले आणि वळला.

चौथ्या खुर्चीवर काळं कापड होतं.

आपणच टाकलं असेल, त्याला वाटलं. आल्या आल्या खुंटीवरून काढलं असेल. त्याने ते उचललं. गार होतं. नुसतं गार नाही, दमट. आणि त्याला वास होता, ओल्या लोकरीचा, तेलकट. त्याने घडी करून ते खुंटीला लावलं, कोट घ्यायला टेबलाशी आला.

कोट उचलला.

कापड खुर्चीवर होतं.

आणि खुर्ची टेबलाच्या या टोकाला होती.

या वेळी ते नुसतं टाकलेलं नव्हतं. वरच्या बाजूला गोल होतं. खाली दोन्हीकडे उतरत गेलं होतं, खांद्यांवरून उतरावं तसं. मांडी असते तिथे ते सपाट होतं. आणि मांडी रिकामी होती.

ड्वाइट उभा राहिला. पाय उचलेना. श्वाससुद्धा त्याने छातीत धरून ठेवला. लहानपणी त्याने एकदा पायाशी साप पाहिला होता, तेव्हा उभा राहिला होता तसा. काहीच हललं नाही... तोही नाही, तेही नाही...

मिनिट झालं.

दिवे विझले.

अंधार. खिडक्या नाहीत त्या खोलीला. दिवे लागायला हवे असतील तर हलायला हवं. हात वर केला तरी पुरे. त्याला ते माहीत होतं. हात वर होईना.

लोकरीचा वास जवळ आला.

आणि मागून कुणीतरी त्याची कंबर धरली.

जोरात नाही. दुखावं असं नाही. मूल हलू नये म्हणून धरतात तसं. स्थिर... अगदी स्थिर... आता एवढ्यात होईल...

सदऱ्यावरून त्याला बोटं लागत होती. वर अंगठा. खाली एक बोट. दुसरं.

तो तिसऱ्याची वाट बघत राहिला.

तिसरं नव्हतं.

किती वेळ... ते त्याला सांगता आलं नाही. पुढे ऑर्व्हिलला सांगतानाही इथे येऊन तो थांबायचा.

मग दिवे लागले.

ड्वाइट हलला नव्हता.

खोलीत कुणी नव्हतं. कापड जमिनीवर पडलं होतं, टेबलापासून कपाटापर्यंत पसरत गेलेलं. कपाट उघडं होतं. तिसऱ्या डब्याचं झाकण बाजूला होतं, आणि रांगेतलं एक पाकीट बोटभर वर आलेलं होतं.

त्याने ते काढलं. आत लांब पांढऱ्या झबल्यातलं पाच महिन्यांचं मूल होतं, घाबरलेल्या डोळ्यांचं. मागे काळं कापड. आणि कापडाखालून आलेला, मुलाच्या कंबरेला घट्ट धरलेला एक हात. वर अंगठा. खाली दोन बोटं. त्यापुढे नुसता तळहाताचा काठ.

खिशातलं पाकीट त्याने टेबलावर ठेवलं. त्याच्यावरचा नंबर खोडरबराने पुसला, दोनदा पुसला. मग दुसरं पाकीट छातीशी धरून जिना उतरला. दार लावलं की नाही, ते त्याला आठवत नाही.

वृद्धाश्रमात पोचला तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. मिस कॉफिल उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. ड्वाइटने फोटो त्यांच्या हातात दिला आणि उशाचं भिंग धरून उभा राहिला. त्यांनी खूप वेळ पाहिलं.

"हे काळं काय आहे?"

"तिची आई. डेलिया नाव. मूल हलू नये म्हणून तिनं धरायचं, आणि ती दिसू नये म्हणून तिच्यावर कापड."

"पण हात दिसतोय."

"हो."

"धरलंय," मिस कॉफिल म्हणाल्या. बोट त्या हातावरून फिरत राहिलं. "चांगलं घट्ट धरलंय गं तुला, आयडा."

मग त्यांनी भिंग बाजूला सारलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सप्टेंबरात हा नव्हता. मग आता कुठून आला?"

त्रेपन्न वर्षांचा माणूस, केस पांढरे झालेले, पलंगाशी उभा राहून तिसरीतल्या मुलासारखं सगळं बोलून गेला. खोळी, पिशवी, तळं, कचऱ्याची गाडी, वहीतली ओळ. मघाशी खिशात घातलेली कुरळ्या जावळाची मुलगीसुद्धा. फक्त वर काय झालं ते बोलला नाही. मिस कॉफिल डोळे मिटून ऐकत होत्या.

"कागदांपासून फोटोंपर्यंत पायऱ्या किती?" त्यांनी विचारलं.

"एकवीस."

"तुला एकतीस वर्षं लागली." आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. "आणि बाकीच्यांचं काय?"

जाऊ दे, झालं ते झालं, असं त्या म्हणतील म्हणून तो दाराशी जरा थांबला. त्या तसं म्हणाल्या नाहीत. फोटो आज माझ्याजवळ राहू दे, एवढंच म्हणाल्या. दप्तरखान्यातली चीज बाहेर ठेवून जायची नसते. ड्वाइट ठेवून गेला.

इथे ऑर्व्हिल थांबला. टेसाने पाय खुर्चीवर घेतले होते.

आता माझं, तो म्हणाला.

मिस कॉफिल पहाटे सव्वाचारला गेल्या. साडेपाचला ऑर्व्हिल तिथे पोचला. फोटो त्यांच्या उजव्या हातात होता, आणि बोटं एकेक करून उघडावी लागली. त्याने आयुष्यात पुष्कळ मुठी उघडल्या होत्या. वेदनेने वळलेली मूठ कशी असते ते त्याला कळत होतं. ही तशी नव्हती. दिव्याखाली त्याने फोटोवर एक नजर टाकली, रुमालाने टिपला, पाकिटात घातला आणि ड्वाइटला फोन केला. त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. खुर्चीत बसलेलं एक मूल होतं. असतात असे फोटो.

ड्वाइट आठ वाजता ऑर्व्हिलच्या दुकानात आला. पाकिटातून फोटो काढला. खाली ठेवला. परत उचलला.

"ऑर्व्हिल, तू हा पुसलास?"

"टिपला. घासला नाही."

ड्वाइट तिथेच, शवपेट्यांच्या नमुन्यांशेजारच्या बाकावर बसला. आणि मग त्याने ऑर्व्हिलला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ऑर्व्हिलने ते तिथल्या तिथे मानलं असं नाही. मिस कॉफिलची तयारी चालू असताना नर्स त्यांचे कपडे घेऊन आली, तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं तिला विचारलं. ती म्हणाली, हो, रात्री दहाला गोळी द्यायला गेले तेव्हा बाईंनी मला दाखवला ना तो फोटो. मागचं ते काळं काय आहे विचारलं, तर म्हणाल्या, माझी पणजी. तिचा हात बघ म्हणाल्या. बिचारीला दोन बोटं नव्हती.

ऑर्व्हिलने ड्वाइटच्या हातातून फोटो घेतला आणि खिडकीशी नेला.

मागे खुर्चीची कोरलेली पाठ होती. लाकडावरची वेलबुट्टीसुद्धा मोजता येत होती. काळं कापड नव्हतं. हात नव्हता.

त्या आठवड्यात ड्वाइटने नोंदवहीतली ती ओळ एक रेघ मारून खोडली, आणि खाली लिहिलं, 'ओळख होती. ती माझ्या हातून गेली, ऑगस्ट १९८८,' आणि सही केली. त्रेचाळीस जणांना पुन्हा पत्रं घातली. अकरा परत आली, ती माणसं राहिली नव्हती. तळमजल्यावरचा एकेक कागद तो आता रोज वाचतो, खुणा टिपून ठेवतो. त्या खुणा फोटोंत शोधायला दर उन्हाळ्यात कुणीतरी येतं. या वर्षी या दोघी आल्या होत्या. आजवर एकोणीस मुलांना नाव मिळालंय. ड्वाइट स्वतः मात्र त्या दिवसापासून जिना चढलेला नाही.

"गुडघ्यांमुळे नाही तर," टेसा हळूच म्हणाली.

"गुडघे त्याचे माझ्यापेक्षा बरे आहेत."

वरच्या खोलीत आता काळं कापड का नाही, हे त्यांनी कधी विचारलं का, असं ऑर्व्हिलने विचारलं. नक्कल काढताना त्या पांढरा पुठ्ठा वापरत होत्या. ड्वाइटने तसंच सांगून ठेवलं होतं, आणि खुर्चीवर कोट टाकायचा नाही, असंही. त्यांना वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाची शिस्त.

सोफ्याचं बोलून बसल्याचं मॅरिबेलला लागलं असावं. ती म्हणाली की मूल खुर्चीला टेकवून बसवलेलं असू शकतं. नर्सने दुसराच फोटो पाहिला असेल. ड्वाइट दमलेला असेल, त्याच्या मनाला ते लागून राहिलं असेल.

"असेल," ऑर्व्हिल म्हणाला. "मीही तसंच म्हणत होतो, एक दिवसभर."

तो उठला, ग्लास गोळा केले, जाळीचं दार कोपराने ढकललं आणि तिथेच थांबला.

"उद्या तिसरा डबा उघडाल. एकशे एकतीसचं पाकीट हळू काढा. मुलाचा चेहरा आधी बघू नका. कंबरेशी झबलं बघा."

"का?" मॅरिबेलने विचारलं.

"झबल्याला खळ्या आहेत," तो म्हणाला. "वर एक. खाली दोन. धरणारं कुणी नाही... आणि झबलं अजून आत दाबलेलंच आहे."